आदिवासी विद्यार्थ्यांसाठी एमबीबीएस प्रवेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सुरगाणा तालुक्यातली, कोकणा जमातीची. दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकले, बारावी सायन्स नाशिकला वसतिगृहात राहून केलं आणि मग शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस. आता दर वर्षी मे ते सप्टेंबर फोन येत राहतात. पाड्यावरच्या मुलामुलींचे येतात, त्यांच्या आईवडिलांचे येतात, आश्रमशाळेतल्या सरांचे येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. विद्यार्थ्यांशी बोलताना मी "तू" म्हणते, तसंच इथंही म्हटलंय. नियम महाराष्ट्रातले आहेत. तारखा आणि शुल्क दर वर्षी थोडे बदलतात, त्यामुळे त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून बघायचीच.

ताई, सगळ्यात आधी काय करू? क्लास लावू का?

क्लासचं नंतर बघू. आधी जमात वैधता प्रमाणपत्राचा, म्हणजे आपण ज्याला व्हॅलिडिटी म्हणतो त्याचा अर्ज कर. अकरावी सायन्सला प्रवेश घेतला की त्याच वर्षी. बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबू नकोस, नीटचा निकाल लागेपर्यंत तर मुळीच नाही.

मी हे इतकं ठासून सांगते, कारण नीटमध्ये चांगले गुण असूनही केवळ हा कागद वेळेत न मिळाल्याने घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या अभ्यासात काही कमी नव्हतं. जातीचा दाखला होता, पण वैधता नव्हती. मग राज्याच्या यादीत नाव खुल्या गटात गेलं आणि तिथली कट-ऑफ त्यांच्या गुणांच्या कितीतरी वर होती. एखाद्या वर्षी सरकार मुदत वाढवून देतं, हे खरं आहे. त्या आशेवर आपलं वर्ष लावू नये.

जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी यात फरक काय?

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीने मिळतो. सेतू केंद्रातून किंवा आपले सरकारच्या पोर्टलवरून अर्ज करता येतो. त्या दाखल्यावर जे लिहिलंय ते खरं आहे का, हे तपासून अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती वैधता देते. नाशिक, ठाणे, पुणे, नागपूर, अमरावती, नंदुरबार, गडचिरोली अशा ठिकाणी या समित्या आहेत. तुझा जिल्हा कुठल्या समितीत येतो ते आधी बघून घे.

ही पद्धत कुठून आली तेही माहीत असू दे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात निकाल दिला आणि त्यात तपासणी समित्या कशा असाव्यात ते घालून दिलं. तो खटलाही महाराष्ट्रातलाच होता, महादेव कोळी जमातीच्या दाव्याचा, आणि त्याच्या मुळाशी एमबीबीएसचा प्रवेश होता. पुढे २००१ साली महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा अमलात आला. आदिवासींच्या जागा आदिवासींनाच मिळाव्यात यासाठी हे सगळं आहे. त्रास आपल्यालाही होतो, पण ही तपासणी नसती तर आपल्या जागा केव्हाच दुसऱ्यांनी नेल्या असत्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

कागद कोणकोणते लागतात? आमच्या घरात आजोबा शाळेतच गेले नव्हते.

माझेही गेले नव्हते. त्यामुळे या प्रश्नावर जरा थांबते.

अर्जासोबत तुझा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, वडिलांचा दाखला, वडील शिकलेले नसतील तर तसं प्रतिज्ञापत्र, वंशावळ आणि तुझ्या कॉलेजचं पत्र हे सगळं जातं. पण खरा जोर असतो जुन्या पुराव्यावर. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही मानीव तारीख आहे. त्या तारखेच्या आधीचा, तुझ्या वडिलांच्या बाजूच्या एखाद्या पूर्वजाचा कागद सापडला आणि त्यावर जमातीची नोंद असली, तर अर्धं काम झालं.

तो कागद सापडतो कुठं? पहिली जागा शाळा. आजोबा शिकले नसतील, पण त्यांचा भाऊ, चुलतभाऊ कुणी तरी पहिली-दुसरीपर्यंत गेलेला असतो. त्या जुन्या जिल्हा परिषद शाळेत जनरल रजिस्टर असतं. मुख्याध्यापकांना अर्ज देऊन त्यातल्या नोंदीचा प्रवेश-निर्गम उतारा मागायचा. दुसरी जागा तहसील कार्यालयाचं अभिलेख कक्ष. तिथं कोतवाल बुक असतं, गाव नमुना नंबर १४ असतो, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी. आजोबांच्या वडिलांच्या घरी मूल जन्मल्याची नोंद असेल तर तिथं जमात लिहिलेली सापडते. तिसरी जागा जमिनीचे जुने फेरफार आणि खासरा पत्रक. काही नोंदी मोडीत असतात. घाबरू नकोस, मोडी वाचणारे जाणकार आहेत, त्यांच्याकडून लिप्यंतर करून घ्यायचं आणि सहीशिक्क्यासह जोडायचं.

माझ्या आजोबांच्या चुलतभावाची १९४६ ची शाळेतली नोंद सापडली. ती शोधायला वडिलांनी मजुरी बुडवून चार खेपा घातल्या. एका ठिकाणी त्यांना रजिस्टर वाळवीने खाल्लं असं सांगून परत पाठवलं गेलं. नंतर दुसऱ्या गुरुजींनी कपाट उघडलं तर ते तिथंच होतं. म्हणून सांगते, तोंडी "नाही" ऐकून परत यायचं नाही. लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. नोंद मिळत नसेल तर तसं लेखी मागायचं.

वडिलांच्या दाखल्यावर नुसतं "हिंदू कोळी" लिहिलंय, आणि माझ्यावर "कोळी महादेव". चालेल का?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींना जे सुचलं ते त्यांनी लिहिलं. कुणाचं "कोकणी", कुणाचं "कोकणा", कुणाचं "ठाकर", कुणाचं "ठाकूर", कुणाचं नुसतं "हिंदू". यादीत कोकणा-कोकणी किंवा ठाकूर-ठाकर एकाच नोंदीत आहेत, त्यामुळे तिथं फारसं अडत नाही. नुसतं "कोळी" असेल तर मात्र अडतं, कारण कोळी नावाच्या सगळ्याच जाती अनुसूचित जमातीत नाहीत. अशा वेळी जुन्यात जुनी नोंद शोधणं हाच उपाय. आपल्या हाताने दाखल्यावर खाडाखोड करून जमात घालायची नाही. समितीचं तपास करणारं दक्षता पथक मूळ रजिस्टर बघतं, तिथं वेगळी शाई आणि वेगळं अक्षर लगेच ओळखू येतं आणि मग खरा असलेला दावाही संशयात जातो.

दक्षता पथक घरी येतं म्हणे. ते काय विचारतात?

वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कुणाकडे, म्हणजे वडील, सख्खा भाऊ, काका यांच्याकडे आधीच वैधता असेल तर काम खूप सोपं होतं. ती नक्की जोडायची. ती नसेल किंवा समितीला शंका असेल तर प्रकरण दक्षता पथकाकडे जातं. ते शाळेत जाऊन नोंदी तपासतात, घरी येऊन घरच्या मोठ्यांशी बोलतात. कुलदैवत कोणतं, लग्नात काय विधी करतात, बोली कोणती, देवाला काय चढवता, असं विचारतात. खरं सांगायचं. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं.

शहरात वाढलेल्या मुलांना याची फार भीती वाटते, कारण त्यांना वाघदेव, डोंगऱ्यादेव यातलं घरातून फारसं कळलेलं नसतं. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की ही आप्तभावाची चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, आणि जुन्या कागदोपत्री पुराव्याला, विशेषतः स्वातंत्र्यापूर्वीच्या नोंदींना, जास्त वजन आहे. दावा फेटाळला गेला तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. त्यात वेळ जातो, म्हणूनच अकरावी.

एक जण पैसे घेऊन महिन्यात व्हॅलिडिटी काढून देतो म्हणतो. देऊ का?

नाही. प्रमाणपत्र खोटं निघालं तर प्रवेश जातो आणि कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलं की खोट्या दाखल्यावर मिळवलेली पदवी किंवा नोकरी राखता येत नाही. खऱ्या आदिवासी मुलानं घाई करून खोट्या कागदावर आपलं नाव का लावायचं?

आम्ही ख्रिस्ती झालो आहोत. आदिवासी म्हणून अर्ज करता येईल?

येईल. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. जळगावकडचे तडवी भिल्ल मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातीतही आहेत. पूर्वजांच्या नोंदींवर जमात सिद्ध व्हावी लागते, ते मात्र सगळ्यांना सारखंच.

नॉन-क्रिमीलेअर लागतं का?

नाही. ते ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी असतं. अनुसूचित जमातीला लागत नाही. सेतूवाल्याने मागितलं तरी त्यासाठी पैसे देऊ नकोस.

नीटचं थोडक्यात सांग ना.

१८० प्रश्न, ३ तास, ७२० गुण. जीवशास्त्राचे ९० प्रश्न, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. परीक्षा एकाच दिवशी देशभर, साधारण मेच्या पहिल्या रविवारी, दुपारी २ ते ५. केंद्रावर दीडनंतर आत घेत नाहीत. आपल्याकडून पहाटेची एसटी धरून जायचा धोका पत्करू नकोस, आदल्या दिवशीच त्या शहरात जाऊन राहा. अर्जाचं शुल्क २०२५ साली अनुसूचित जमातीसाठी १,००० रुपये होतं.

वयाची १७ वर्षं त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण हवीत. वरची वयोमर्यादा नाही आणि किती वेळा द्यायची यालाही मर्यादा नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र मिळून आपल्याला ४० टक्के लागतात.

अर्ज कॅफेवाल्याने भरला. आता पासवर्ड त्याच्याकडेच आहे.

आज जा आणि लिहून आण. मोबाईल नंबर आणि ईमेल तुझाच किंवा घरातल्याचाच असला पाहिजे. पुढे सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात, आणि कॅफेवाला दिवाळीला गावी गेला की तुझी प्रवेशाची फेरी निघून जाते. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच अक्षरशः टाकायचं. गटाच्या रकान्यात एसटी निवडलंय ना, ते स्वतः डोळ्यांनी बघायचं. चूक झाली असेल तर दुरुस्तीसाठी काही दिवस खिडकी उघडते.

मराठीत पेपर देता येतो ना? मग मराठीत दिलेला बरा?

देता येतो. मराठी निवडली की प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी दोन्हीत मिळते. भाषांतरात गोंधळ वाटला तर इंग्रजी प्रश्न अंतिम मानतात. पण माझा सल्ला आहे की अभ्यास इंग्रजीतूनच कर.

आपली अडचण इतरांपेक्षा वेगळी आहे. घरात आपण आपल्या बोलीत बोलतो. पावरा मुलं पावरीत, गडचिरोलीची मुलं गोंडी-माडियात, मेळघाटची कोरकूत. शाळेत गेल्यावर मराठी ही पहिली परकी भाषा भेटते, आणि अकरावीला अचानक इंग्रजी. म्हणजे ही आपली तिसरी भाषा. अकरावीच्या पहिल्या सहा महिन्यांत मला वर्गात काहीच कळत नव्हतं. मी वहीच्या एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला आमच्या बोलीत त्याचा अर्थ लिहायचे. "मूत्रपिंड" हा शब्दही मला तेव्हा नवीनच होता, पण बोकड कापताना ते हातात घेऊन पाहिलेलं होतं. आपल्या मुलांना प्राणी, झाडं, बी-बियाणं यांची ओळख पुस्तकाआधीच झालेली असते. ती कमी लेखू नकोस.

पुस्तकांचं म्हणशील तर जीवशास्त्रासाठी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं ओळ न ओळ वाच. ती एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मागच्या वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडव.

क्लासला लाखभर रुपये कुठून आणू?

आधी आपल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचार. आमच्याकडे ते कळवणला आहे. आदिवासी विकास विभाग आणि पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था नीटच्या मोफत तयारीसाठी योजना काढतात, त्यासाठी निवड परीक्षा असते. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट ही संस्था गरीब मुलांना मोफत शिकवते आणि मेळघाटच्या मुलांसोबतही तिने काम केलंय. जमीन गहाण टाकून मोठ्या क्लासची फी भरू नका, हे मी आईवडिलांना हात जोडून सांगते.

मला ११५ गुण पडले आणि निकालात "पात्र" लिहिलंय. म्हणजे डॉक्टर होणार ना?

मला हे सांगताना वाईट वाटतं, पण पात्र होणं आणि जागा मिळणं वेगळं आहे. अनुसूचित जमातीला ४० पर्सेंटाइल लागतं. पर्सेंटाइल म्हणजे गुणांचे टक्के नव्हेत, परीक्षा दिलेल्यांपैकी किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत ते. २०२५ ला ती रेघ ७२० पैकी ११३ गुणांवर होती. त्या रेघेच्या वर असलेल्यांतून पुढे गुणवत्ता यादी लागते आणि शासकीय महाविद्यालयाची जागा मिळायला त्याहून बरेच जास्त गुण लागतात. राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या निवड याद्या आहेत. त्यात एसटीचा शेवटचा गुण किती होता ते कॉलेजनिहाय बघ. एजंटाच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नकोस.

एकूण जागा किती असतात आपल्यासाठी?

शासकीय महाविद्यालयाच्या जागांपैकी १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात, तिथं एसटीला ७.५ टक्के. उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या, त्यात एसटीला ७ टक्के. दोन्हीकडे वेगवेगळी नोंदणी करावी लागते. अखिल भारतीय कोट्यासाठी एमसीसीच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीच्या संकेतस्थळावर, राज्यासाठी सीईटी सेलच्या. एमसीसीला केंद्राच्या नमुन्यातला जमातीचा दाखला लागतो, तो आधीच काढून ठेव. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांत एसटीला आरक्षण नाही आणि नोंदणीची अनामतच २ लाख रुपये असते. कॅफेत चुकून तो पर्याय टिचकला जाणार नाही याकडे लक्ष दे.

नंदुरबारला, गडचिरोलीला कॉलेज झालं. आता आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना तिथं जागा मिळतील ना?

मिळतील, पण "जिल्ह्यातले" म्हणून नाही. प्रवेश राज्यभरच्या यादीवरून होतात. विभागातल्या मुलांना ७० टक्के आणि बाकी राज्याला ३० टक्के जागा ही ७०:३० ची पद्धतही २०२० मध्ये रद्द झाली. हिशोब करून बघ. १०० जागांचं कॉलेज, त्यातल्या ८५ राज्याच्या, त्याच्या ७ टक्के म्हणजे साधारण ६. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर १०० माणसांत ६९ आदिवासी आहेत आणि कॉलेजात एसटीच्या राज्य जागा ६. त्या सहांवरही राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्याचा एसटी विद्यार्थी येऊ शकतो. मला हे पटत नाही. ज्या रुग्णालयात ओपीडीत भिलोरी आणि पावरी बोलणारे रुग्ण रांगेत उभे असतात, तिथं त्यांची भाषा कळणारे विद्यार्थी मूठभरच असावेत हे बरोबर नाही. पण आज नियम हा आहे आणि अर्ज त्यानुसारच करायचा.

आमचं गाव सीमेवर आहे. दहावी मी गुजरातच्या डांगमध्ये मामाकडे केली. चालेल?

राज्याच्या कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, शिवाय अधिवास प्रमाणपत्र. त्यामुळे तुझी अडचण होईल. अखिल भारतीय कोट्यात मात्र तू अर्ज करू शकतोस. सीमेवरच्या पालकांना विनंती आहे की मुलाला आठवीनंतर पलीकडच्या शाळेत घालण्याआधी हे लक्षात घ्या. सुरगाणा, पेठ, तलासरी, धडगाव, सगळीकडे हे होतं.

मी गोव्यातली गावडा आहे. महाराष्ट्रातल्या एसटी जागेवर येता येईल का?

राज्याच्या नाही. जमातींची यादी प्रत्येक राज्याची वेगळी असते. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत, तर महाराष्ट्रात कुणबी ओबीसीत. तुझा राज्य कोटा गोव्यात, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात. अखिल भारतीय कोट्यातून मात्र महाराष्ट्रातल्या कॉलेजात येऊ शकतेस.

पसंतीक्रम कसा भरू? आणि ते "स्टेटस रिटेन्शन" काय असतं?

ज्या क्रमाने तुला खरोखर जायचंय त्या क्रमाने भर. "हे आपल्याला कुठलं मिळणार" असं म्हणून मोठं कॉलेज खाली टाकायचं नाही. वर टाकल्याने खालची संधी जात नाही. गुण चांगले असतील तर तुझं नाव खुल्या जागेवरही लागू शकतं, आणि लागलं तर त्यात आनंदच आहे, कारण तुझी एसटीची जागा मागच्या मुलाला मिळते.

पहिल्या फेरीत जागा मिळाली की ठरवलेल्या मुदतीत मूळ कागदांसह प्रत्यक्ष जाऊन प्रवेश घ्यावा लागतो. पुढच्या फेरीत वरच्या पसंतीचं कॉलेज लागलं तर आधीची जागा आपोआप सुटते. ती परत मिळत नाही. मिळालेल्या कॉलेजवर तू खूश असशील तर स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरायचा, म्हणजे पुढे तुझं नाव हलत नाही. मात्र एकदा भरला की मागे फिरता येत नाही, म्हणून घरी बोलूनच भर.

कागदांची पिशवी एकच ठेव: नीटचं प्रवेशपत्र आणि निकाल, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, राष्ट्रीयत्व आणि अधिवास, जमातीचा दाखला, वैधता, आधार, ठरलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, वर्ष मोडलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. पावसाळ्याचे दिवस असतात, दोन प्लास्टिकच्या पिशव्या घाल.

फी किती पडेल?

सीईटी सेलच्या केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतलास तर शिक्षण शुल्काची काळजी बहुतेक मिटते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २.५ लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. त्यापेक्षा जास्त असेल तर फ्रीशिप नावाची वेगळी योजना. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, दर वर्षी नव्याने. खासगी कॉलेजच्या व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतलीस तर यातलं काही मिळत नाही.

राहण्यासाठी आदिवासी विकास विभागाचं शासकीय वसतिगृह. तिथं जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना, त्यात राहण्या-जेवण्याचे पैसे थेट खात्यात येतात. खातं आधारशी जोडलेलं आहे का ते आधी तपास. पैसे उशिरा येतात, हेही मनात धर. माझे पहिल्या वर्षीचे पैसे परीक्षा झाल्यावर आले. पहिल्या तीन-चार महिन्यांच्या जेवणाची सोय घरून करून निघायचं.

मला सिकल सेल आहे. डॉक्टर होता येईल?

येईल. आधी कळून घे की तू वाहक आहेस की रुग्ण. वाहक असशील तर काही अडत नाही. रुग्ण असशील तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकल सेलचा समावेश आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के समांतर आरक्षणात तुझा अर्ज जाऊ शकतो. त्यासाठी नेमून दिलेल्या केंद्रातूनच तपासणी करून घ्यावी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ टक्केवारी बघून कुणाला एमबीबीएससाठी अपात्र ठरवता येत नाही, तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का ते बघायला हवं. आणि डॉक्टर म्हणून सांगते, गोळ्या चुकवू नकोस, पाणी भरपूर पी, वसतिगृहात एका मैत्रिणीला तरी सांगून ठेव.

कॉलेजात "कोट्यातले" म्हणून हिणवतात का?

हो, काही ठिकाणी. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी रँक विचारतं. ती रँक कशासाठी विचारली जातेय ते आपल्याला कळतं. मला एकदा वॉर्डमध्ये सगळ्यांसमोर असं बोललं गेलं की मी त्या रात्री वसतिगृहात बॅग भरून बसले होते. सकाळी सातला पेशंटचं रक्त घ्यायचं होतं म्हणून गेले, आणि मग राहिले.

तुझी जागा ही कुणी दिलेली भीक नाही. विद्यापीठाची परीक्षा, प्रश्नपत्रिका, उत्तीर्ण होण्याचे गुण सगळ्यांना एकच आहेत. पण सोसत राहणं हा काही उपाय नाही. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली, तडवी भिल्ल समाजातली, पदव्युत्तर शिकणारी. तिच्या घरच्यांनी जातीवरून छळ झाल्याची तक्रार केली आणि तो खटला उभा राहिला. ती आपल्यातली पहिली पिढी होती. त्रास झाला तर तारीख, वेळ, शब्द लिहून ठेव, मेसेज पुसू नकोस, घरी सांग. कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे आणि एससी-एसटी कक्षाकडे लेखी तक्रार दे. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे, तिथं नाव न सांगताही बोलता येतं. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा कॉलेजच्या आतही लागू असतो.

पहिल्या वर्षी नापास झालो तर?

खूप जण होतात, सगळ्या गटांतले. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन हे तीन विषय आणि सगळं इंग्रजीत. पहिलं वर्ष चार प्रयत्नांत आणि पूर्ण एमबीबीएस नऊ वर्षांत पूर्ण करावं लागतं, म्हणजे सावरायला वेळ आहे. वरच्या वर्गातले आपल्या भागातले विद्यार्थी शोध. पहिल्या तोंडी परीक्षेत मला उत्तर येत होतं पण इंग्रजीत वाक्य जुळेना. एका सीनिअर दादाने मला रोज रात्री वीस मिनिटं नुसतं मोठ्याने बोलायला लावलं.

या वर्षी जागा नाहीच मिळाली. एक वर्ष थांबू की दुसरं काही घेऊ?

शासकीय जागेच्या जवळ पोचला असशील आणि घरचं निभत असेल तर एक वर्ष दे. फार लांब असशील तर बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस यांचे प्रवेशही नीटवरूनच होतात. बीएस्सी नर्सिंगची राज्याची वेगळी सीईटी आहे. नर्सिंगला कमी समजू नकोस. आमच्या आरोग्य केंद्रात रात्री दोनला बाळंतपण होतं तेव्हा आधी सिस्टरच उभी असते.

शिकून झाल्यावर गावातच यावं लागतं का?

साडेचार वर्षांचं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, आणि शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्या प्रत्येकाला, कुठल्याही गटातला असो, एक वर्षाची बंधपत्रित सेवा. ती केली नाही तर १० लाख रुपये भरावे लागतात. मी ते वर्ष आमच्याच भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात केलं. पहिल्या दिवशी एक म्हातारी आली. बरोबरच्या नातवाने तिचं दुखणं मराठीत सांगायला सुरुवात केली. मी तिला आमच्या कोकणी बोलीतच विचारलं की कधीपासून दुखतंय. तिने नातवाला बाजूला केलं, माझ्यासमोर बसली आणि आधी माझं आडनाव, मग माझा पाडा, मग माझ्या आजीचं माहेर विचारून घेतलं. पोटदुखीवर आम्ही त्यानंतर बोललो.